‘बलून’ : एका इंग्रजी शब्दाचा अभ्यास

सहामाही परीक्षेच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न असा होता : ‘पुढील वाक्यांचा अर्थ स्वभाषेत लिहा.’ त्यातले एक वाक्य होते, ‘द बलून हॅज गॉन अप’. बहुतेक मराठी विद्यार्थ्यांनी ‘फुगा वर गेला आहे’ असे लिहिले. एकाने तर स्वतःच्या पदरचे वाक्य जोडून ‘त्यामुळे मुलगा रडत आहे’ असेही लिहिले होते. कन्नड विभागाच्या मुलांनी ‘बलूनु मेले होयितु’ असे लिहिले. कन्नडमध्ये ‘मेले’ म्हणजे वर. पण आमच्या मराठी कानांना बलून मेल्याचीच वार्ता ऐकू येते! स्टाफरूममध्ये आम्ही सर्वजण पोटभर हसलो. हसून झाल्यावर मात्र मन जरा खजील झाले. कारण या वाक्याचा खरा अर्थ ‘गडबडीला तोंड लागले, आता धुमश्चक्री सुरू झाली’ असा आहे, आणि तो मी वर्गात कधीही सांगितलेला नव्हता. बिचाऱ्यांनी कोशातला पहिला अर्थ घेतला आणि प्रामाणिकपणे मांडला.

इंग्रजी शिकताना आपली फसगत अवघड शब्दांपेक्षा सोप्या शब्दांनीच अधिक होते. अवघड शब्द आला की आपण कोश उघडतो. ‘बलून’सारखा शब्द आला की ‘हा तर ठाऊक आहे’ म्हणून पुढे जातो. म्हणूनच प्रस्तुत लेखासाठी मुद्दाम हा लहान मुलाचा शब्द निवडला आहे. निवडण्याचे दुसरेही एक कारण आहे, ते लेखाच्या शेवटी येईल.

प्रथम उच्चार व लेखन उरकून घेऊ. आपल्याकडे कोणी ‘बॅलून’ म्हणतात, कोणी ‘बलून’. इंग्रजीत या शब्दाचा आघात दुसऱ्या अवयवावर आहे, त्यामुळे पहिला ‘ब’ अगदी हलका, जवळजवळ गिळलेला, आणि ‘लून’ लांब व ठसठशीत. म्हणजे ‘बलून’ हाच उच्चार बरोबर. लेखनात दोन एल आणि दोन ओ. मुले हटकून एक एल खातात. ‘बॉल’ या शब्दातले दोन एल येथे आहेत एवढे लक्षात ठेवले की पुरे. क्रियापद म्हणून भूतकाळ करताना शेवटचा एन दुप्पट करू नये; आधी दोन स्वर असले की शेवटचे व्यंजन दुप्पट होत नाही. ‘लुक’चे ‘लुक्ड’ करताना आपण के दुप्पट करतो काय? तसेच हे.

आता जन्मकथा. इटालियन भाषेत ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू. त्याला ‘ओने’ हा प्रत्यय लावला की होतो ‘पाल्लोने’, म्हणजे मोठा चेंडू. हा प्रत्यय वस्तू मोठी असल्याचे दाखवतो. पाल्लोने हा हवा भरलेल्या चामड्याच्या चेंडूचा एक खेळ होता; खेळाडू हातात लाकडी दांडगे कडे घालून त्याने चेंडू टोलवीत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा खेळ आणि त्याबरोबर हा शब्द इंग्रजीत पोचला. तेव्हा ‘बलून’ म्हणजे खेळायचा मोठा, हवा भरलेला चेंडू; दुसरे काही नाही. आकाशात जाणारे त्यात काहीच नव्हते. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी आपल्या गोल पोटाच्या काचपात्राला हे नाव दिले, वास्तुशिल्पींनी खांबाच्या माथ्यावरील दगडी गोळ्याला दिले. गोल आणि मोठे, एवढाच अर्थ.

मराठीत वस्तू मोठी की लहान हे सांगायला आपण असा प्रत्यय लावत नाही, लिंग बदलतो. गाडी आणि गाडा, हंडी आणि हंडा, दोरी आणि दोर, पळी आणि पळा. स्त्रीलिंगी ती लहान, पुल्लिंगी तो मोठा. (याविषयी आमच्या विद्यार्थिनींना जे म्हणायचे असेल ते त्यांनी स्वतंत्र लेखात म्हणावे.) जे काम आपला ‘आ’कार करतो तेच काम इटालियनमध्ये ‘ओने’ करतो. तो फ्रेंचमधून इंग्रजीत येताना ‘ऊन’ झाला आणि आपल्या ओळखीचे कितीतरी शब्द देऊन गेला. ‘साला’ म्हणजे दालन, त्याचे मोठे रूप ‘सालोने’, म्हणजे भव्य दिवाणखाना, त्यापासून ‘सलून’. दोन खुर्च्या आणि एक आरसा एवढ्या जागेत चालणाऱ्या आपल्या गल्लीतल्या सलूनचे मूळ असे राजवाड्यात आहे. ‘कार्ता’ म्हणजे कागद, मोठा जाड कागद तो ‘कार्तोने’. चित्रकार भिंतीवर चित्र काढण्यापूर्वी अशा कागदावर पूर्ण आकाराचा आराखडा काढीत, त्याला इंग्रजीत ‘कार्टून’ म्हणत. १८४३ साली लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकाने अशाच काही गंभीर आराखड्यांची टवाळी करताना आपल्या व्यंगचित्रांना ‘कार्टून’ म्हटले आणि तेव्हापासून तो अर्थ रूढ झाला. ‘मिलियन’ हाही याच कुळातला : ‘मिले’ म्हणजे हजार, मोठा हजार तो मिलियन.

चेंडूला मोठेपणाचा प्रत्यय लागून बलून झाला, तसाच लहानपणाचा प्रत्यय लागूनही एक शब्द झाला आहे. तो आहे ‘बॅलट’. व्हेनिसमध्ये गुप्त मतदान करताना पेटीत लहान गोळ्या टाकीत, त्या गोळीला ‘बाल्लोत्ता’ म्हणत. म्हणजे मतपत्रिका आणि फुगा ही सख्खी भावंडे आहेत. निवडणुकीच्या दिवसांत हे नाते विशेष पटते. मात्र ‘बॅले’ आणि ‘बॅलड’ यांना या घरात घेऊ नये, त्यांचे मूळ नाचण्याच्या एका निराळ्या धातूत आहे.

फ्रेंचमध्ये ‘बालों’चा जुना अर्थ आजही जिवंत आहे. तेथे खेळायच्या मोठ्या चेंडूला हाच शब्द वापरतात. आमच्या कॉलेजात फुटबॉलवर जीव टाकणारी मुले पुष्कळ. गोव्याच्या बाजूने आलेल्यांविषयी तर बोलायलाच नको. त्यांना ‘बालों दॉर’ हा मान ठाऊक असतो. १९५६ पासून दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराचे नाव म्हणजे ‘सोन्याचा चेंडू’. एका विद्यार्थ्याने इंग्रजीच्या वाटेने जाऊन त्याचे भाषांतर ‘सुवर्ण फुगा’ असे केले होते.

मग हा चेंडू आकाशात गेला कसा? याला एकच वर्ष कारण आहे, १७८३. आपल्याकडे सालबाईचा तह होऊन जेमतेम वर्ष झाले होते. फ्रान्समधील आनोने या गावी कागदाच्या गिरणीवाल्या घराण्यातील मोंगोल्फिये बंधूंनी ४ जून १७८३ रोजी कापड आणि कागद यांची एक प्रचंड पिशवी खाली जाळ करून सर्वांसमक्ष आकाशात सोडली. गवत आणि लोकर जाळल्याने धुरातून काही विशेष हलका वायू निघतो आणि तो पिशवी उचलतो अशी त्यांची समजूत होती. ती चूक होती. उचलणारी असते ती नुसती तापलेली हवा. वीस अंश तापमानाला एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो असते, तीच शंभर अंशांपर्यंत तापवली तर एक किलोहूनही कमी भरते. या फरकावर सारा खेळ. कारण चुकले तरी पिशवी वर जायची ती गेलीच! शास्त्र शाखेच्या विद्यार्थ्यांनी याचे वैषम्य वाटून घेऊ नये.

त्याच वर्षी २७ ऑगस्टला शार्ल या शास्त्रज्ञाने पॅरिसमधून हायड्रोजन भरलेला गोळा सोडला. तो गोनेस या खेड्यात उतरला आणि घाबरलेल्या गावकऱ्यांनी त्याच्यावर हल्ला करून त्याच्या चिंध्या केल्या. १९ सप्टेंबरला व्हर्सायच्या राजवाड्यासमोर एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा असे तीन प्रवासी वर गेले आणि सुखरूप खाली आले. २१ नोव्हेंबरला पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद हे दोघे सुमारे पंचवीस मिनिटे पॅरिसवरून तरंगत गेले. माणसाचे ते पहिले मुक्त उड्डाण. या नव्या वस्तूला नाव काय द्यावे? फ्रेंचांनी खेळातल्या मोठ्या चेंडूचेच नाव दिले आणि इंग्रजांनी ते उचलले. सहा महिन्यांत शब्दाचा अर्थ जमिनीवरून आकाशात गेला. इतक्या वेगाने अर्थ बदललेले शब्द थोडेच सापडतील. पिलात्र द रोझिए १५ जून १७८५ रोजी इंग्लिश खाडी ओलांडण्याच्या प्रयत्नात बलून कोसळून मरण पावला, हेही येथेच सांगितले पाहिजे.

आणि जत्रेतला रबरी फुगा? तो सर्वात शेवटी आला. आपल्याला वाटते की आधी मुलांचा लहान फुगा झाला असेल आणि मग कोणी त्याची मोठी प्रतिकृती करून आकाशात सोडली असेल. प्रत्यक्षात उलट घडले. रबरी फुगा १८२४ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे याने केला, आणि तोही खेळायला नव्हे, हायड्रोजनवरील प्रयोगांसाठी. कच्च्या रबराचे दोन तुकडे एकावर एक ठेवून त्याने त्यांच्या कडा दाबून जोडल्या आणि आतल्या बाजू एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये पीठ भुरभुरले. पोळपाटावर पीठ टाकून लाटणाऱ्या आपल्या आयाबहिणींना ही युक्ती शिकवायला नको. पुढच्याच वर्षी टॉमस हँकॉकने घरच्या घरी फुगे करण्याचे साहित्य विकायला काढले आणि प्रयोगशाळेतली वस्तू मुलांच्या हाती आली.

येथे एक आडवळण घेतो, कारण ते आपल्या कोकणकिनाऱ्यावरून जाते. इंग्रजांच्या जुन्या प्रवासवर्णनांत ‘बलून’ नावाची एक होडी भेटते. मोठे झाड कोरून केलेली, पुष्कळ वल्ह्यांची. स्पेलिंग कधी एका एलने, कधी दोहोंनी. नवखा वाचक समजतो की प्रवासी हवेतून गेले! १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या प्रसिद्ध कोशात या होडीची नोंद आहे, आणि तिचे मूळ मराठी ‘बल्यांव’ हा नौकावाचक शब्द असावा असे संपादकांनी म्हटले आहे. म्हणजे इटालियन चेंडू आणि मराठी नाव यांनी इंग्रजीत येऊन एकच रूप धारण केले. हे दोन अर्थ एका शब्दाचे नव्हेत. हे दोन निराळे शब्द योगायोगाने सारखे दिसतात. ‘कर’ म्हणजे हात आणि ‘कर’ हे आज्ञार्थी क्रियापद, त्यातलाच हा प्रकार. चांगला कोश अशा शब्दांच्या दोन वेगळ्या नोंदी करतो, आणि ज्याचे अर्थ एकातून एक फुटले आहेत त्याची एकच नोंद करून खाली अनुक्रमांक घालतो. कोश पाहताना हा भेद ध्यानात घ्यावा.

आता वाक्प्रचार. परीक्षेतल्या ‘बलून वर गेला’चा उगम पहिल्या महायुद्धात असावा असे मानतात. शत्रूच्या फळीची टेहळणी करण्यासाठी दोराने बांधलेला बलून वर चढवीत. वर बसलेला सैनिक तोफांना नेम सांगे. (ही युक्ती फ्रेंचांनी १७९४ मध्येच फ्लरुसच्या लढाईत वापरली होती.) बलून वर चढताना दिसला की खंदकातल्या शिपायांनी समजावे, आता भडिमार होणार. युद्ध संपले तरी वाक्य राहिले. ऑफिसात हिशेबतपासनीस येऊन धडकले, घरात लपवलेली गोष्ट उघडकीस आली, की इंग्रज म्हणतो, बलून वर गेला. मराठीत प्रसंग पाहून ‘ठिणगी पडली’, ‘तोंड लागले’, ‘शिमगा सुरू झाला’ असे काहीही चालेल. ‘फुगा’ मात्र चालणार नाही.

‘ट्रायल बलून’ हा वर्तमानपत्रांचा लाडका शब्द. मोठ्या बलूनमधून निघण्यापूर्वी वारा कोणीकडचा आहे हे पाहण्यासाठी आधी एक लहान बलून सोडत. राजकारणात एखादा निर्णय घेण्यापूर्वी त्याची कुजबुज मुद्दाम बाहेर सोडतात, लोक भडकले तर ‘असा विचारच नव्हता’ म्हणून मोकळे होतात. आपण याला ‘चाचपणी’ म्हणतो, ‘खडा टाकून पाहणे’ म्हणतो. मला दुसरे अधिक आवडते. इंग्रज हवेत सोडतो, आपण पाण्यात टाकतो.

‘लाइक अ लेड बलून’ म्हणजे शिशाच्या बलूनसारखे. सांगितलेला विनोद, मांडलेला ठराव, केलेले भाषण साफ पडले की हे म्हणतात. येथे एक खड्डा आहे. शिसे या अर्थी असलेला एल-ई-ए-डी हा शब्द ‘लेड’ असा वाचायचा, ‘लीड’ असा नव्हे. इंग्रजांचीही यात चूक होते. ‘लेड झेपेलिन’ नावाचा इंग्रजी वाद्यवृंद १९६८ मध्ये निघाला, त्याच्या नावामागे हाच शिशाच्या बलूनचा विनोद होता, आणि लोकांनी ‘लीड’ म्हणू नये म्हणून त्यांनी आपल्या नावातला ए चक्क काढून टाकला.

‘बलून डिबेट’ हा वादविवादाचा एक प्रकार आहे, तो आपल्या वक्तृत्वमंडळाने जरूर करून पाहावा. कल्पना अशी की एक बलून भराभर खाली येत आहे आणि भार कमी करण्यासाठी प्रवाशांपैकी काहींना बाहेर टाकणे भाग आहे. प्रत्येक वक्ता एखाद्या थोर व्यक्तीची भूमिका घेतो आणि ‘मला का ठेवावे’ हे सांगतो. श्रोते मते देऊन एकेकाला उतरवतात. एकच विनंती. बसवण्णा आणि तुकाराम यांना एकाच बलूनमध्ये बसवू नये. सभागृहातील मतमोजणी आम्हाला झेपणार नाही.

क्रियापद म्हणून ‘बलून’ आता फार वापरात आहे. खर्च, कर्ज, लोकसंख्या, फायलींची संख्या ही सारी ‘बलून’ होतात. येथे मराठी आणि इंग्रजी आश्चर्यकारकरीत्या एकाच वाटेने चालतात, कारण आपणही ‘खर्च फुगला’, ‘आकडे फुगवले’ असे म्हणतो. तथापि एक भेद आहे. नदी फुगते तेव्हा इंग्रजीत ती ‘बलून’ होत नाही, तेथे ‘स्वेल’ हवे. दाराचे लाकूड पावसात फुगते, तेथेही तेच. भिजवलेले हरभरे फुगतात, आणि धाकटी बहीण फुगून बसते, तेथे तर इंग्रजीने हात टेकावेत. ‘माय सिस्टर बलून्ड’ असे लिहिले तर वाचणारा तिच्या वजनाची चौकशी करील. मराठीतल्या फुगण्याच्या पोटात हवा, पाणी आणि राग तिन्ही मावतात. इंग्रजी ‘बलून’मध्ये भराभर आणि बेसुमार वाढ हाच भाव मुख्य असतो. कन्नडमध्ये ‘बुग्गे’ म्हणजे फुगाही आणि जमिनीतून उसळणारा झराही. वरच्या बाजूस उसळणे हा धागा त्यांनी पकडला आहे. आमच्या कन्नड विभागाच्या सहकाऱ्यांनी यावर पलीकडच्या पानांत लिहावे अशी त्यांना उघड सूचना करतो.

वस्तूंच्या नावांत हा शब्द इतक्या ठिकाणी शिरला आहे की सर्व सांगणे नको. व्यंगचित्रातील पात्राच्या तोंडातून निघणाऱ्या शब्दांच्या गोळ्याला ‘बलून’ म्हणतात, आणि मनातला विचार दाखवायचा तर त्याला शेपटीऐवजी बुडबुडे जोडतात. म्हैसूरला जन्मलेल्या आर. के. लक्ष्मण यांनी मुंबईत बसून घडवलेला ‘कॉमन मॅन’ हा मात्र कधी बोललाच नाही. त्याच्या वाट्याला बलून आला नाही. वनस्पतिशास्त्रातील ‘बलून व्हाइन’ म्हणजे आपली कुंपणावरची कपाळफोडी. तिचे फुगीर फळ कपाळावर आपटून फोडण्याचा उद्योग लहानपणी कोणी केला नाही? इंग्रजाला फळाचा आकार दिसला, मराठी माणसाला त्याचा उपयोग. कोळ्याची पिले बारीक तंतू सोडून हवेत तरंगत दूर जातात, त्याला ‘बलूनिंग’ म्हणतात; १८३२ साली किनाऱ्यापासून सुमारे साठ मैलांवर ‘बीगल’ जहाजाच्या दोरखंडांवर डार्विनला असे हजारो कोळी उतरलेले दिसले. नुसता वाराच नव्हे, तर हवेतील विद्युतक्षेत्रही त्यांना उचलण्यास पुरेसे असते, असे २०१८ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले.

हवामानखात्याचे बलून पणजीहून आणि देशातल्या इतर अनेक केंद्रांवरून पहाटे व सायंकाळी साडेपाचच्या सुमारास सोडले जातात. वर जाताना बाहेरच्या हवेचा दाब कमी होत जातो तसा तो फुगत फुगत अखेर सुमारे तीस किलोमीटरवर फुटतो, तोवर खालचे यंत्र तापमान, आर्द्रता, वारा कळवत राहते. हैदराबादेत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बलूनकेंद्र आहे. तेथून २००५ मध्ये सोडलेल्या बलूनने आणलेल्या हवेच्या नमुन्यांत तीन नव्या जातींचे जीवाणू सापडल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले, आणि त्यांतल्या एकाला आर्यभटाचे नाव दिले गेले.

दवाखान्यातला ‘बलून’ तर आता खेड्यापाड्यांतही पोचला आहे. हृदयाची रोहिणी अरुंद झाली की मांडीतून किंवा मनगटातून एक बारीक नळी नेऊन तिच्या टोकावरचा सूक्ष्म फुगा त्या जागी फुगवतात आणि वाट मोकळी करतात. आंद्रेआस ग्रुन्ट्झिग याने झुरिच येथे १६ सप्टेंबर १९७७ रोजी जागृत रुग्णावर हे प्रथम केले. ‘आजोबांना बलून केला’ हे वाक्य बेळगावच्या कोणत्याही रुग्णालयाच्या व्हरांड्यात आज ऐकू येते, आणि त्यात कोणाला काही विचित्र वाटत नाही.

आता सुरुवातीला सांगितलेले दुसरे कारण. परीक्षेचे पेपर वाटून झाल्यावर, त्या रडणाऱ्या मुलाचे वाक्य लिहिणारा विद्यार्थी मला जिन्यात भेटला. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून येतो. म्हणाला, “सर, ‘बलून’चे आणखी अर्थ असतात म्हणालात. आमच्या घरच्या एका कागदावर हा शब्द आहे.” दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन आला, आणि सोबत वडीलही आले. भाजी वाहण्यासाठी त्यांनी जुना टेम्पो घेतला होता. कर्ज एका वित्तसंस्थेचे, चार लाखांचे, तीन वर्षांत फेडायचे. सारा करार इंग्रजीत आणि खाली मराठीत सही. आठव्या कलमात ‘बलून पेमेंट’ असे दोन शब्द आणि पुढे दीड लाखाचा आकडा. सही करताना त्यांनी विचारले होते, तेव्हा समोरचा माणूस हसून म्हणाला होता, “ते काही नाही, फुगा आहे.”

‘बलून पेमेंट’ म्हणजे शेवटी एकदम भरायची मोठी रक्कम. महिन्याचा हप्ता लहान दिसावा म्हणून मुद्दलाचा एक भाग शेवटपर्यंत तसाच ठेवतात. आम्ही तिघांनी स्टाफरूममध्येच गणित मांडले. चार लाख, दरमहा एक टक्का व्याज, छत्तीस महिने. सरळ फेडले असते तर हप्ता सुमारे १३,२८६ रुपये पडला असता. त्यांचा हप्ता होता ९,८०४. म्हणूनच त्यांना हे कर्ज स्वस्त वाटले होते. पण अखेरच्या हप्त्याबरोबर दीड लाख वेगळे. सरळ मार्गाने छत्तीस महिन्यांत एकूण ४,७८,२९६ रुपये गेले असते. या मार्गाने ५,०२,९४४ जाणार. फरक २४,६४८ रुपयांचा. तोही सोसवला असता, परंतु एका दिवसात दीड लाख कोठून आणायचे? न भरल्यास टेम्पो ओढून नेण्याचा अधिकार दहाव्या कलमात होता. बावीस हप्ते फिटले होते, चौदा राहिले होते, आणि चौदा महिन्यांनी आपण कर्जमुक्त होणार या हिशेबाने त्यांनी मुलीचे लग्न ठरवायला घेतले होते.

मी त्यांच्याबरोबर त्या कचेरीत गेलो. तेथील मनुष्य सौजन्याने वागला. कागदात सर्व लिहिलेले आहे असे त्याने दाखवले, आणि ते खरेच होते. शेवटची रक्कम पुन्हा अठरा हप्त्यांत पसरता येईल, अर्थात पुन्हा व्याजाने, असे त्याने सांगितले. वडिलांनी ते नाकारले आणि जमेल तसे पैसे बाजूला टाकायचे ठरवले. हे लिहीत असताना चार हप्ते उरले आहेत आणि सत्तावन्न हजार जमले आहेत. लग्न पुढे गेले आहे.

त्या दिवशी कचेरीतून बाहेर पडल्यावर त्यांनी मला विचारले, “सर, ह्या फुग्याला मराठीत काय म्हणायचं ते सांगा की.” मला एकही शब्द आठवला नाही. मुलानेच सुचवले, “शेवटचा मोठा हप्ता.” वडिलांनी कागद टेम्पोच्या बॉनेटवर ठेवला, मुलाच्या खिशातले पेन मागून घेतले आणि आठव्या कलमाच्या समासात ते तीन शब्द स्वतःच्या हाताने लिहिले.